क्रिप्टोचा ‘शिस्तीचा’ क्लास : शनिवार वसूल, रविवार अर्धाच

फी माणशी साडेचार हजार. शनिवार-रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. चहा दोनदा मिळतो, जेवणाचं आपलं आपण बघायचं. जागा कोथरूडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण बंद. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि शिकवणारा मुलगा मला प्रामाणिक वाटला. पण ‘ट्रेडिंगमधली शिस्त आणि रिस्क मॅनेजमेंट’ शिकवणारे क्लास आता पैशाला पासरी झालेत. तेव्हा तिथे नेमकं काय पदरात पडतं हे लिहून ठेवते.

मी एका पतसंस्थेत कर्ज विभाग बघते. स्वतः ट्रेडिंग करत नाही. भाच्याला त्यासाठी दोन लाख हवे होते. “मावशी, एफडी मोड ना, वर्षात परत करतो.” म्हटलं, कर्ज देण्याआधी धंदा बघायचा ही आमची पद्धत आहे, तू क्लास लाव, मी शेजारी बसते. दोघांची फी मीच भरली, त्यामुळे हिशेब चोख ठेवायचा अधिकार माझा.

वर्गात तीसेक जण होते. बहुतेक पंचविशीतले, आयटीतले. एक औषधांचे दुकानदार होते, ते पूर्ण वेळ फोनवर भाव बघत होते. निम्म्या पोरांकडे कुठल्या ना कुठल्या टेलिग्राम ग्रुपची ‘सिग्नल’ची, म्हणजे कधी काय घ्यायचं-विकायचं याच्या टिपांची, मेंबरशिप होती, आणि ती पैसे देऊन घेतली आहे हे ती सांगतही होती.

सुरुवात गेनबिटकॉइनने झाली. पुण्यात क्रिप्टोवर बोलायचं आणि ते नाव टाळायचं हे शक्यच नाही. महिन्याला 10 टक्के, असे 18 महिने देऊ म्हणून लोकांकडून बिटकॉइन गोळा केली आणि 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली, ही गोष्ट इथल्या लोकांना तोंडपाठ आहे. सरांनी ती दहा मिनिटांत उरकली. “तो फ्रॉड होता, आपण ट्रेडिंग शिकतोय,” म्हणाले आणि पुढे गेले. त्या प्रकरणात आणखी एक धडा होता, तो त्यांनी घेतला नाही. त्यावर नंतर येते.

त्यानंतरचे तीन तास मात्र उत्तम. सरांनी प्रोजेक्टर बंद केला आणि पांढऱ्या फळ्यावर लिहिलं, ‘1,00,000’. विचारलं, एका ट्रेडमध्ये यातले किती घालवायची तयारी आहे? कोणी दहा हजार म्हणालं, कोणी वीस. भाचा म्हणाला, “कॉन्फिडन्सवर आहे.” सरांनी त्याच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, फळ्यावर ‘1,000’ लिहिलं. एक टक्का. मग प्रश्न : तुमचा स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकून बाहेर पडायचा भाव, खरेदीच्या भावापासून 5 टक्के खाली असेल, तर किती रुपयांची खरेदी करायची? वर्गातल्या इंजिनिअरांना हे पटकन आलं नाही, दुकानदारांना आलं. 20 हजारांची. स्टॉप 10 टक्के खाली असेल तर 10 हजारांची. म्हणजे किती घ्यायचं हे कॉइन किती आवडलं यावर ठरत नाही. चुकलो तर कुठे बाहेर पडणार हे आधी ठरतं, आणि त्यातून रक्कम निघते. एवढं जरी कोणी डोक्यात घेऊन गेलं तरी अर्धी फी वसूल.

पुढे त्यांनी लागोपाठ दहा ट्रेड चुकले तर काय, हे काढून दाखवलं. दर वेळी एक टक्का घालवणाऱ्याचे लाखातले 90 हजार चारशे शिल्लक राहतात. दर वेळी दहा टक्के घालवणाऱ्याकडे 35 हजारसुद्धा उरत नाहीत. आणि मग उलटा हिशेब : 20 टक्के गेले तर मूळ रकमेवर यायला 25 टक्के कमवावे लागतात, 50 टक्के गेले तर 100 टक्के. हे गणित चौथीतल्या पोराला जमेल, पण बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास होतं आणि वर्षभरात 16 हजारांच्या खाली जाऊन आलं, हे शेजारी लिहिल्यावर वर्ग गप्प झाला.

दुपारनंतर वह्या वाटल्या. मला या क्लासमधली सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. साधी ए-फोर, स्पायरल, आडवी छापलेली. रकाने असे : तारीख-वेळ, कॉइन, एन्ट्री, स्टॉप, टार्गेट, रक्कम, ‘का घेतोय’, आणि शेवटी ‘नियम पाळला? हो / नाही’. नफा-तोट्याला रकानाच नाही. मी आधी समजले छपाईत राहिला असेल. तसं नव्हतं. एका मुलाने विचारलं, “सर, स्टॉप लागला आणि लगेच भाव वर गेला तर?” सर म्हणाले, “तर शेवटच्या रकान्यात ‘हो’ लिहायचं.” “आणि स्टॉप काढून टाकला आणि फायदा झाला तर?” “‘नाही’ लिहायचं. आणि असे ‘नाही’ वाढायला लागले की दोन आठवडे ॲप उघडायचं नाही.”

सगळ्यांना एकेक खोटा ट्रेड लिहायला लावला. भाच्याने ‘का घेतोय’मध्ये लिहिलं, ‘चार्ट स्ट्राँग वाटतोय’. सरांनी लाल पेनने काट मारली आणि खाली लिहिलं, ‘काय झालं की तू चुकलास असं मान्य करशील?’ त्याला वीस मिनिटं लागली उत्तर लिहायला. आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर ‘कारण’ असा रकाना असतो, त्यात लोक ‘व्यवसायवृद्धी’ लिहितात. यापुढे मी हाच प्रश्न विचारणार आहे.

ॲव्हरेज करण्यावर त्यांनी सरळ बंदी घातली. भाव पडला की आणखी घेऊन सरासरी खाली आणायची, ही आपल्या लोकांची आवडती खोड. थकलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देऊन जुनं खातं नियमित दाखवतात, तसलाच हा प्रकार. बुडणारी रक्कम तेवढी वाढते. लूनाचं उदाहरण त्यांनी दिलं तेही योग्य होतं. मे 2022 मध्ये ते कॉइन आठवडाभरात 80 डॉलरच्या घरातून एका सेंटच्याही खाली गेलं. वाटेत प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ‘स्वस्त मिळतंय’ म्हणून घेतच होतं.

शनिवारचा शेवट स्टॉप लॉसच्या प्रकारांवर झाला आणि इथेही सरांनी कसूर केली नाही. स्टॉप-लिमिट लावला म्हणजे सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. समजा 100 ला घेतलं, ट्रिगर (ऑर्डर जागी होते तो भाव) 95 ला आणि लिमिट (त्याखाली विकायचं नाही तो भाव) 94 ला ठेवली. भाव 95 वरून थेट 90 वर उतरला, तर तुमची ऑर्डर 94 ला लटकून राहते आणि माल तुमच्याच गळ्यात. स्टॉप-मार्केट, म्हणजे मिळेल त्या भावाला विक्री, लावला तर माल विकला जातो, पण 90 ला. म्हणजे हजाराची जोखीम धरली होती तिथे दोन हजार गेले. यासाठी त्यांनी 10 ऑक्टोबर 2025 चा चार्ट लावला. ट्रम्प यांनी चीनवर 100 टक्के जादा आयातशुल्काची घोषणा केली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. बिटकॉइन दहा टक्क्यांहून जास्त घसरलं, छोटी कॉइन काही मिनिटांत निम्म्याच्या खाली गेली आणि चोवीस तासांत जगभर 1,900 कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या उधारीवरच्या पोझिशन, म्हणजे चालू सौदे, जबरदस्तीने बंद झाल्या. काही एक्स्चेंजनी तर फायद्यात असलेल्यांच्या पोझिशनसुद्धा आपणहून बंद केल्या, कारण हरलेल्यांकडून वसूल करायला काही उरलंच नव्हतं. हा बाजार शनिवार-रविवार बंद नसतो आणि त्याला सर्किटही (भाव फार हलला की व्यवहार थांबवणारी मर्यादा) नसतं, एवढं पक्कं लक्षात राहिलं.

शनिवारसाठी माझ्याकडून पाचपैकी पाच. आता रविवार.

सकाळी सरांनी ‘रिस्क-रिवॉर्ड’चा तक्ता लावला. एकास दोन. म्हणजे चुकलो तर हजार जाणार, बरोबर आलो तर दोन हजार येणार. दहा ट्रेडमधले चारच बरोबर आले तरी 8 हजार आले, 6 हजार गेले, 2 हजार नफा. “म्हणजे दहापैकी सहा वेळा चुकूनही तुम्ही जिंकता,” सर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. हाच तक्ता मी यूट्यूबवर किमान दहा ठिकाणी पाहिला आहे. तो अमेरिकेत चालत असेल, दुबईत नक्कीच चालतो. आपल्याकडे चालत नाही.

जेवणाच्या सुट्टीत खाली थालीपीठ मागवलं आणि बिलाच्या पाठीमागे मांडणी केली. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के उपकर, मिळून 31.2. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी सुटका नाही. आणि खरी मेख पुढे आहे : एका ट्रेडचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. मग सरांचा तक्ता असा होतो : आलेल्या 8 हजारांवर कर 2,496. गेलेले 6 हजार सरकारच्या लेखी घडलेच नाहीत. हातात उरलेल्या 2 हजारांतून 2,496 भरायचे. म्हणजे सरांचा 2 हजारांचा नफा आपल्या खिशात 496 रुपयांचा तोटा म्हणून येतो. एक्स्चेंजची फी मी धरलेलीच नाही.

करापूर्वी एकास दोनच्या हिशेबात 33 टक्के ट्रेड बरोबर आले की बरोबरी होते. कर धरल्यावर 42 लागतात. एकास एक खेळणाऱ्याला 50 ऐवजी 59. ज्याला कोणाला वाटतं की दहापैकी सहा वेळा आपला अंदाज बरोबर येतो, त्याने वही तीन महिने भरून बघावी.

शिवाय 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस आहे. नफ्यावर नव्हे, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. 20 हजारांचा एक ट्रेड म्हणजे 200 रुपये. महिन्याला दहा ट्रेड धरले तर वर्षाचे 24 हजार. ते रिटर्न भरताना करात वळते होतात, जास्त झाले तर रिफंड येतो, सगळं खरं. पण तोवर तुमच्या लाखातले 24 हजार बाजारात नसतात, आणि एक टक्क्याचा नियम उरलेल्या रकमेवर लावायचा असतो. रिस्क मॅनेजमेंटच्या क्लासमध्ये या विषयाला एक स्लाइड होती. तीवर लिहिलं होतं, ‘टॅक्ससाठी तुमच्या सीएला भेटा’.

चहाच्या वेळी बिल घेऊन सरांकडे गेले. त्यांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. “मॅडम, बरोबर आहे. पण टॅक्स बदलणार आहे, सगळे म्हणतायत.” म्हटलं, बदलेल तेव्हा फळा पुसा, आज आजचा दर लिहा. आणि त्यांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणजे चहानंतर त्यांनी खरंच तो हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडला. टाळ्या नाही पडल्या. औषधवाल्यांनी तेवढा फोटो काढून घेतला.

इथवर ठीक होतं. पण त्याच फळ्यावरून गाडी फ्युचर्सकडे, म्हणजे भावाच्या चढउतारावरच्या करारांकडे, वळली. फ्युचर्समध्ये हा 1 टक्का टीडीएस कापला जात नाही, कॉइन प्रत्यक्ष घ्यावं लागत नाही, आणि 20 हजारांच्या पोझिशनला 2 हजार लावले की काम भागतं. ‘दहा एक्स’. एक टक्का टीडीएस वाचवण्यासाठी दहापट उधारी! दहा एक्सवर भाव 10 टक्के उलटा गेला की लावलेली रक्कम साफ. खरं तर त्याच्या जरा आधीच पोझिशन लिक्विडेट होते, म्हणजे एक्स्चेंज ती जबरदस्तीने बंद करतं. पंचवीस एक्सवर 4 टक्के पुरतात, शंभरावर एकच. आदल्या दिवशीच ऑक्टोबरच्या रात्रीचा चार्ट दाखवलेल्या माणसाने हे सांगावं याचं नवल वाटलं.

आता न्यायाने सांगायचं तर, रक्कम शनिवारच्याच नियमाने ठरवली आणि स्टॉप लिक्विडेशनच्या भावाआधी ठेवला, तर दहा एक्सवरही जोखीम हजाराचीच राहते. सरांनी हे सांगितलं. आयसोलेटेड आणि क्रॉस मार्जिनमधला फरकही नीट सांगितला : आयसोलेटेडमध्ये त्या पोझिशनला लावलेले पैसेच जातात, क्रॉसमध्ये फ्युचर्स वॉलेटमधली सगळी शिल्लक पणाला लागते. बऱ्याच ठिकाणी दर आठ तासांनी फंडिंग, म्हणजे पोझिशन उघडी ठेवण्यापोटीची रक्कम, द्यावं-घ्यावं लागतं, तेही सांगितलं. ज्ञानात खोट नव्हती. पण वर्गातल्या पोरांनी त्यातलं काय उचललं ते मागच्या बाकावरून ऐकू येत होतं : “दोन हजारात वीस हजारांचं मिळतं, भाई.” जास्तीची उसनवारी मिळते म्हटल्यावर कमी उचलणारा माणूस माझ्या टेबलासमोर आजवर क्वचितच बसला आहे.

आणि सगळ्यात शेवटी पडद्यावर क्यूआर कोड आला. अमुक ॲपवर या कोडने खातं उघडा, फ्युचर्सच्या फीमध्ये सूट. सरांना त्यातून कमिशन मिळतं का, असं मी विचारलं. मिळतं म्हणाले, लपवलं नाही. पण ज्याचं कमिशन तुमच्या ट्रेडच्या संख्येवर वाढतं, त्याने ‘दोन आठवडे ॲप उघडू नका’ हे शिकवायचं म्हणजे अवघडच आहे. दोन्ही गोष्टी एकाच क्लासमध्ये नकोत.

राहिली साठवणुकीची गोष्ट, आणि माझी मोठी तक्रार तीच आहे. एका ट्रेडला एक टक्का हा नियम बाजारातल्या जोखमीपुरता. ज्या एक्स्चेंजवर लाखाचा लाख पडून आहे, ते बंद पडलं तर? एफटीएक्सने नोव्हेंबर 2022 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिथल्या शिस्तशीर आणि बेशिस्त खातेदारांचे पैसे सारखेच अडकले. आपल्याकडे 18 जुलै 2024 ला वझीरएक्सच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हाच्या दराने दोन हजार कोटींच्या आसपास. पैसे काढणं थांबलं, मामला सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेला आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. त्या काळात बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर जाऊन आलं. स्टॉप लॉस तिथे काय करणार?

गेनबिटकॉइनचा राहिलेला धडाही हाच. त्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी 2022 मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी स्वतःकडे वळवली, असा आरोप होता. किल्ली कोणाच्या हातात, हा प्रश्न पुण्यात बसून वर्गाला विचारायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार होतं? क्लासमध्ये हार्डवेअर वॉलेटचा, म्हणजे क्रिप्टोची किल्ली स्वतःजवळ ठेवायच्या उपकरणाचा, एक फोटो दाखवला आणि ‘हे होल्डर लोकांसाठी, ट्रेडरला नाही लागत’ म्हणून पुढे गेले. ट्रेडरला सगळे पैसे एक्स्चेंजवर ठेवायची गरज नसते, हे तरी सांगायचं. चालू ट्रेडपुरते तिथे, उरलेले बँकेत. बँकेत निदान 5 लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा (ठेव विमा महामंडळाचा) विमा आहे. आमच्या पतसंस्थेच्या ठेवींना तो नाही, हे मी ठेवीदारांना तोंडावर सांगते. त्यामुळे असेल कदाचित, पण मला हा प्रश्न सगळ्यात आधी सुचतो.

भाच्याला दोन लाख दिले नाहीत. 50 हजार दिले. फक्त स्पॉट (प्रत्यक्ष कॉइनची रोख खरेदी-विक्री), फ्युचर्स बंद, एक्स्चेंजवर एका वेळी 20 हजारांच्या वर नाही आणि वही दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या टेबलावर. तो म्हणाला, “मावशी, एवढ्या अटी तर बँक पण घालत नाही.” पहिल्या महिन्यातले शेवटच्या रकान्यातले बरेच ‘नाही’ त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेत. त्यासाठी त्याला मनातल्या मनात एक गुण दिला, सांगितलं नाही.

कोणी जावं? जो आधीपासून ट्रेडिंग करतोय आणि रक्कम अंदाजाने ठरवतोय, त्याने जरूर जावं. सिग्नल ग्रुपला पैसे भरणाऱ्याने तर ते थांबवून इकडे भरावेत. घरखर्चाला हातभार म्हणून यात पडू पाहणाऱ्याने जाऊ नये. रविवारच्या दुपारी त्याला फ्युचर्सची चटक लागेल. जाताना कराचा हिशेब स्वतः करून न्या, क्यूआर कोड स्कॅन करू नका आणि क्रॉस मार्जिनवर कोणी प्रश्न विचारला तर उत्तर नीट ऐका, ते सर चांगलं देतात.

पाचपैकी साडेतीन. आणि एक गोष्ट फळ्यावर लिहिलेली नाही : नुसत्या शनिवारचे अडीच हजार घेतात, वही त्यातच येते. फोन करून विचारावं लागतं.